वसंतातलं पुरुषांचं कपाट : मोजके कपडे, अनेक उंबरे

(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी थोडे संपादन केले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



वसंत ऋतू आणि व्याख्यान यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि नंतर महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. त्यांत विषय असतात इतिहासाचे, शेतीचे, राजकारणाचे. आज मी बोलणार आहे पुरुषांच्या कपड्यांवर. काहींना वाटेल, हा काय विषय झाला? बायकांच्या साड्यांवर बोला, आम्हाला काय, एक शर्ट आणि एक पँट!

पण जरा हिशेब करून बघा. श्रीपूर हे साखर कारखान्याचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी केली, तिचा कारखाना इथलाच. इथलं वर्ष गाळपावर चालतं. मार्चच्या आसपास पट्टा पडतो, उसाच्या बिलाची वाट बघणं सुरू होतं. त्याच सुमारास पाडवा येतो, पंढरपूरची चैत्री वारी येते, शिंगणापूरची यात्रा येते आणि लग्नसराई लागते. पोरांच्या परीक्षा संपतात, पुण्याला मुलाखतीची बोलावणी येतात. म्हणजे वर्षातले सगळ्यात जास्त कपडे आपण फाल्गुन ते वैशाख या तीन महिन्यांत घेतो, आणि त्यातले निम्मे एकदा घालून कपाटात जातात.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कपड्याची किंमत त्याच्या चिठ्ठीवर नसते. तो कपडा किती उंबरे ओलांडतो, त्यावर ती ठरते. कामाचा उंबरा, कचेरीचा उंबरा, प्रवासाचा उंबरा आणि मांडवाचा उंबरा. चारही ओलांडणारा शर्ट हजाराला घेतला तरी स्वस्त. एकच ओलांडणारा तीनशेला घेतला तरी महाग.

‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे नेमकं काय?

हल्ली कंपन्यांच्या मेळाव्याच्या, कॉलेजच्या समारंभाच्या निमंत्रणावर लिहिलेलं असतं, ‘पोशाख : स्मार्ट कॅज्युअल’. वाचणारा गोंधळतो. सूट घालायचा की टी-शर्ट?

सोपं करून सांगतो. एका टोकाला कोट-टाय आहे, दुसऱ्या टोकाला बनियन आणि लुंगी. या दोन टोकांच्या मधला, अंगाला मोकळा पण नजरेला नीटनेटका असा जो पोशाख, तो स्मार्ट कॅज्युअल. ओळखायच्या खुणा तीन. वरच्या कपड्याला शक्यतो कॉलर असावी. खालची पँट पायात गोळा न होता सरळ पडावी. आणि पायात रबरी स्लीपर नसावी. बाकी रंग, कापड, ब्रँड हे सगळं नंतर.

आणि ही कल्पना आपल्याला नवीन आहे असंही नाही. आपल्या आजोबांचा पोशाख आठवा. पांढरा सदरा किंवा तीन बटणी शर्ट, धोतर किंवा पायजमा, डोक्याला टोपी नाहीतर पटका. त्याच पोशाखात ते बाजाराला जात, तालुक्याच्या कचेरीत जात, वारीला जात आणि लग्नालाही जात. फरक एवढाच की लग्नाला जाताना तोच जोड परीटघडीचा असायचा. नीळ दिलेला, खळ केलेला, घडीवर घडी बसलेली. एकच जोड चार उंबरे ओलांडायचा. आज आपण ज्याला ‘बहुउपयोगी कपडे’ म्हणतो, ते आपल्याकडे खुंटीला टांगलेले होते.

मग पँट आली, टेरिलिन आलं, सफारी आली, जीन्स आली. प्रत्येक उंबऱ्याला वेगळा कपडा लागायला लागला. कपाट भरलं, पण सकाळी उघडल्यावर ‘घालायला काहीच नाही’ हे वाक्य मात्र घरोघरी ऐकू यायला लागलं.

त्यांचा वसंत आणि आपला वसंत

आता मोबाईलवर ‘वसंतात पुरुषांनी काय घालावं’ असं शोधलं, तर याद्या येतात. हलकं जाकीट, त्याखाली पातळ स्वेटर, त्याखाली शर्ट. एकावर एक थर. या याद्या चुकीच्या नाहीत, फक्त त्या आपल्यासाठी लिहिलेल्या नाहीत. लंडनचा वसंत म्हणजे दुपारी दहा ते पंधरा अंश. आपल्याकडे मार्चअखेर पारा चाळिशीकडे सरकायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये ती ओलांडतो. झाडाला पालवी तिकडेही फुटते आणि इकडेही, पण त्यांचा वसंत थंडीतून बाहेर पडतो आणि आपला वसंत उन्हाळ्यात शिरतो. त्यामुळे यादी आपली आपण करायला हवी.

त्यासाठी शरीर कसं थंड होतं ते आधी समजून घेऊ. घाम येतो, तो वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं तीच ही क्रिया. आपल्या सोलापूर भागातला उन्हाळा कोरडा. कोकणात घाम वाळत नाही, आपल्याकडे वाळतो. म्हणजे निसर्गाने आपल्याला सोय दिलेली आहे. कपड्याने फक्त आडवं येऊ नये.

कापड आडवं कधी येतं? जेव्हा ते घाम घेतही नाही आणि वाराही आत सोडत नाही. कापडशास्त्रात एक मोजमाप आहे. ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या हवेत ठेवलेला धागा, त्याच्या कोरड्या वजनाच्या किती टक्के ओलावा धरतो? सुताचा आकडा साधारण ८.५ टक्के. लिननचा, म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचा, १२ टक्क्यांच्या आसपास. आणि पॉलिएस्टरचा? ०.४ टक्के. अर्धासुद्धा नाही. म्हणून दाट विणीचा पॉलिएस्टरचा शर्ट घालून दुपारी एसटीत बसलं की पाठीला प्लास्टिकचा कागद चिकटल्यासारखं होतं. ती मनाची समजूत नाही, धाग्याचा गुणधर्म आहे.

दुसरी गोष्ट ढगळपणाची. वाळवंटातले बदाउनी लोक भर उन्हात काळे पायघोळ झगे घालतात. काळा रंग तर ऊन जास्त शोषतो. मग असं का? याचा अभ्यास करून काही शास्त्रज्ञांनी १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांना असं आढळलं की काळा झगा जास्त तापतो खरा, पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचत नाही. कारण झगा सैल असतो, त्यातून हवा खेळते. पांढऱ्या झग्यातला आणि काळ्या झग्यातला माणूस जवळपास सारखीच उष्णता घेतो.

यातून आपल्यासाठी क्रम असा लागतो. आधी कापड बघा, मग शिलाई किती मोकळी आहे ते बघा आणि मग रंग. आपण दुकानात नेमकं उलटं करतो. आधी रंग, मग फिटिंग, आणि कापडाचं नाव तर बिल झाल्यावरही विचारत नाही.

कापड ओळखायचं कसं?

आपण कापडाच्या जिल्ह्यातली माणसं आहोत. सोलापुरात १८७७ मध्ये कापड गिरणी निघाली, पुढे तिलाच सगळे ‘जुनी मिल’ म्हणायला लागले. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले. त्या मोठ्या गिरण्या आता बंद आहेत. पण सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि गणवेश शिवण्याचा मोठा धंदा शहरात आहे. अशा जिल्ह्यात राहून आपल्याला सूत आणि पॉलिएस्टर यांतला फरक कळू नये, हे बरं नाही.

तर तीन परीक्षा सांगतो.

पहिली, जाळण्याची. कापडाच्या कडेचा एखादा दोरा काढा आणि काडी लावा. अर्थात उघड्यावर, चिमट्यात धरून. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिएस्टर असेल तर दोरा वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. राखेत बारीक खडे लागले तर मिश्रण आहे.

दुसरी, पाण्याची. कापडावर पाण्याचा थेंब टाका. धुतलेलं सुती कापड तो चटकन पिऊन घेतं, पॉलिएस्टरवर बहुतेक वेळा तो थांबतो. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे ही परीक्षा एक धुणं झाल्यावर करावी.

तिसरी, उजेडाची. कापड उजेडासमोर धरा. वीण एकसारखी दिसली पाहिजे आणि बारीक उजेड आत आला पाहिजे. अजिबात येत नसेल, तर ते उन्हाळ्याचं कापड नाही.

एक मात्र सांगतो, मिश्र कापड वाईट असं मी म्हणत नाही. टेरिकॉट, म्हणजे साधारण ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत, याला चुण्या कमी पडतात, ते लवकर वाळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. गणवेशाला म्हणूनच ते चालतं. पावसाळ्यात ते सोयीचं आहे. पण चैत्र-वैशाखातल्या दुपारी ते अंगावर असू नये.

सहा कपडे आणि दोन पादत्राणं

आता यादी. हातात धरून मोजता येईल एवढीच.

एक : पूर्ण बाहीचा पांढरा किंवा फिकट निळा सुती शर्ट. पॉपलिन चालेल, ऑक्सफर्ड विणीचा चालेल. पूर्ण बाही का? कारण ती उन्हात हात झाकते, कचेरीत मनगटापर्यंत राहते आणि संध्याकाळी कोपरापर्यंत दुमडली की तोच शर्ट सैल वाटतो. अर्ध्या बाहीला ही सोय नाही.

दोन : थोड्या रंगाचा, पोत असलेला शर्ट. शॅम्ब्रे, लिनन किंवा हातमागाचं कापड. शॅम्ब्रे म्हणजे ताणा रंगीत आणि बाणा पांढरा. दिसायला जीन्ससारखं, पण वजनाला हलकं. याची गंमत अशी की थोड्या चुण्या पडल्या तरी तो गबाळा दिसत नाही. एसटीच्या प्रवासाला हाच.

तीन : कॉलरचा सुती टी-शर्ट, ज्याला पोलो म्हणतात. फ्रान्सचा टेनिसपटू रेने लाकोस्त याने लांब बाह्यांच्या कडक शर्टाला कंटाळून १९२६ च्या अमेरिकन स्पर्धेत असा आखूड बाह्यांचा, जाळीदार विणीचा शर्ट घातला. उन्हात खेळणाऱ्या माणसाने आपल्या सोयीसाठी काढलेला तो कपडा आहे. छातीवर मोठी अक्षरं आणि चित्रं नसलेला घ्या. अक्षरं आली की दोन उंबरे कमी झाले.

चार : खाकी किंवा बदामी सुती पँट. दुकानात तिला चिनो म्हणतात. पण खाकी हा शब्द ‘खाक’, म्हणजे माती-धूळ, यावरून आलेला. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीसाठी हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने मातीच्या रंगाचे कपडे आणले, आणि तिथून तो रंग जगभर गेला. आपल्याकडच्या धुळीसाठी यापेक्षा शहाणा रंग नाही. शेतातून बांधावरून चालत येऊन बँकेत गेलात तरी ही पँट तुमची चुगली करत नाही.

पाच : गडद निळी, फाटकी-विटकी नसलेली जीन्स. जेकब डेव्हिस आणि लीवाय स्ट्रॉस यांनी १८७३ मध्ये खिशांना तांब्याच्या रिव्हेटा मारायचं पेटंट घेतलं, ते कामकऱ्यांच्या पँटसाठी. इंग्रजीत कामाच्या जाड पँटला ‘डंगरी’ म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून गेलेला. जीन्स घेताना पातळ डेनिमची घ्या. जाड डेनिम वैशाखात घालणं म्हणजे पायांना शिक्षा.

सहा : बिनबाह्यांचं जाकीट. आपल्या पुढाऱ्यांनी ते घरोघरी पोचवलंच आहे. खादीचं किंवा जाड सुताचं, मातकट किंवा गडद निळं, आतून अस्तर पातळ. हा मांडवाचा कपडा. पहिल्या क्रमांकाचा पांढरा शर्ट, त्यावर हे जाकीट, की लग्नासाठी वेगळी शेरवानी लागत नाही. नवरदेव तुम्ही नसाल तर!

आता पायात काय? एक तपकिरी चामड्याचा साधा बूट आणि एक कोल्हापुरी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्या चारांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपलं सोलापूरही आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या कंपनीने पुरुषांसाठी २०२६ च्या वसंत-उन्हाळ्याचे कपडे दाखवले, तेव्हा पुरुषांच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला होत्या आणि कारागिरांचं नाव कुठेच नव्हतं. इथून आवाज उठल्यावर कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या चपलांची आहे. त्यांच्या वसंताला आपली चपल लागते. आपण मात्र ती पायात असली की मुलाखतीच्या आधी स्टँडवर बदलतो! मुलाखतीला बूटच घाला, ते ठीक आहे. पण समारंभाला, देवळात, पाहुण्यांकडे कोल्हापुरी घालायला लाजायचं कारण नाही.

आता गणित. वरचे तीन, खालच्या दोन, म्हणजे सहा जोड्या. दोन शर्टांवर जाकीट घातलं की आणखी चार. झाल्या दहा. पादत्राणं दोन, म्हणजे वीस. सगळ्या वीस सारख्याच शोभतील असं नाही, पण पंधरा तरी चालतील. सहा कपड्यांत पंधरवडा निघतो.

शिंप्याकडे काय बोलावं

तयार कपडा घ्या किंवा शिवून घ्या. शिवून घेत असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

सुती कापड आधी पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, मग शिवायला टाका. पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर दोष शिंप्याला येतो. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्याचं साधारण सव्वादोन मीटर, ५८ इंची पन्ह्याचं १.६ मीटर लागतं. उंच, धिप्पाड माणसाने थोडं वाढवून घ्यावं.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. पोट झाकता येतं, खांदा झाकता येत नाही. मुंढा घट्ट ठेवू नका. काखेत हवा खेळली नाही तर बाकी सगळं फुकट. आणि शिंप्याला सांगा, शिवणीत माया ठेवा. किती सुंदर शब्द आहे बघा. आत दाबून ठेवलेलं जादा कापड, त्याला आपल्या शिंप्यांनी माया म्हटलं. अंग सुटलं की ती माया उपयोगी पडते आणि शर्ट पाच वर्षं जास्त चालतो.

मानपान आणि मान

आता थोडं अवघड बोलतो.

आपल्याकडे लग्नात पुरुषांना टॉवेल-टोपी आणि शर्ट-पँटचे पीस देतात. मांडवात नावं पुकारली जातात, पीस हातात दिला जातो. त्यातले किती शिवले जातात? या घरचा पीस त्या घरच्या लग्नात, तिथला आणखी तिसरीकडे. तेच पिवळं खोकं चार तालुके फिरून येतं. कारण सगळ्यांना ठाऊक असतं की आतलं कापड अंगावर घालण्याजोगं नाही. वधूपित्याने मात्र त्यासाठी पैसे मोजलेले असतात, पुष्कळदा उसनवार करून. म्हणजे न घालायच्या कापडासाठी कर्ज. उसाचं बिल यायच्या आधी दुकानदाराची उधारी.

माझं सांगणं साधं आहे. मानपान बंद करता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर पन्नास जणांना पीस देण्यापेक्षा प्रत्येकाला एक चांगला सोलापुरी टॉवेल द्या. तो रोज सकाळी वापरला जाईल, आणि पैसा जिल्ह्यातल्या मागाकडे जाईल.

कपड्याचा आणि मानाचा संबंध आपल्या महाराष्ट्रात थोरांनी ओळखलेला आहे. २ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी होती. दागदागिने, भरजरी पोशाख यांची तिथे गर्दी होती. महात्मा फुले तिथे शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि खरा देश या वेषातला आहे, हे राजपुत्राच्या तोंडावर सांगून आले. त्यांचा पोशाखच अर्धं भाषण होता. पुढे १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, स्वच्छ राहा. वरवर दोघांच्या दोन दिशा दिसतात. एक जण मुद्दाम साध्या वेषात गेला, दुसऱ्याने वेष सुधारायला सांगितलं. पण दोघांचं म्हणणं एकच होतं. माझ्या अंगावर काय असावं हे समोरच्याने ठरवायचं नाही, ते मी ठरवणार.

हे मी पोरांसाठी सांगतोय. शिकलेली, हुशार पोरं मुलाखतीला जात नाहीत, कारण ‘कपडे नाहीत’. पुण्याच्या पोरांपुढे आपण गावंढळ दिसू ही भीती. त्या भीतीवर दुकानदार मोठं चिन्ह असलेला महागडा शर्ट विकतो. त्याची गरज नाही. धुतलेला पांढरा शर्ट, बदामी पँट, पट्टा आणि बूट एका रंगाचे, नखं कापलेली. एवढ्यावर कुठल्याही दारातून आत जाता येतं. आत गेल्यावर बोलायचं काय, ते तुमच्या अभ्यासावर आहे. कपड्याचं काम दारापर्यंतच.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, तुम्ही पॉलिएस्टर नको म्हणता. पण क्रिकेटची जर्सी तर पॉलिएस्टरचीच असते. मग?

उत्तर : चांगला प्रश्न. जर्सी मागावर विणलेली नसते, ती मोज्यासारखी गुंफलेली आणि जाळीदार असते. धागा घाम पीत नाही, पण तो घाम पसरवून बाहेरच्या बाजूला आणतो आणि तिथे वारा तो वाळवतो. पळणाऱ्या माणसाला वारा मिळतो. सुती बनियन अशा वेळी ओलं होऊन जड होतं. म्हणून खेळताना जर्सी योग्य. पण तीच जर्सी घालून दिवसभर वर्गात किंवा एसटीत बसलात, तर वारा नाही आणि वास मात्र धरतो. खेळ झाला की बदला.

प्रश्न (एक ताई) : सुती कपडा म्हणजे रोज इस्त्री. ती करायची कुणी? शेवटी ते आमच्याच गळ्यात पडतं.

उत्तर : (टाळ्या) ताई, हा प्रश्न मी स्वतःहून घ्यायला हवा होता असं आता टाळ्यांवरून वाटतंय. दोन उत्तरं आहेत. पहिलं, काम कमी करता येतं. कपडा पिळून तसाच टाकू नका. झटका, खांद्याच्या आकाराच्या हँगरला दमट असतानाच लावा, हाताने कॉलर आणि पट्टी सरळ करा, सावलीत वाळवा. निम्म्या चुण्या तिथेच जातात आणि रंगही उन्हाने उडत नाही. शॅम्ब्रे किंवा लिननला तर थोड्या चुण्या शोभतातच. दुसरं उत्तर पुरुषांसाठी. ज्याचा शर्ट, त्याची इस्त्री. कॉलर, मग खांद्याची पट्टी, मग बाह्या, मग पाठ आणि शेवटी पुढचे दोन भाग. सात मिनिटांचं काम आहे, आणि परीटघडी हे काही बायकांचं खातं नव्हतं, परीट पुरुषही असायचे!

प्रश्न : सर, माझ्याकडे आत्ता दोनच हजार रुपये आहेत. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. काय घेऊ?

उत्तर : आधी घरातलं कपाट उघडून बघ. वडिलांचा, थोरल्या भावाचा पांढरा सुती शर्ट असेल तर शिंप्याकडून अंगाबरोबर करून घे. त्याला नव्या शर्टाएवढा खर्च येत नाही. मग बदामी पँटचं कापड घेऊन शिवून घे. उरलेल्या पैशांत पट्टा आणि बुटाला पॉलिश. बूट नसतील तर मित्राचे माग, मागायला लाजू नकोस. आणि थोडे पैसे राखून ठेव, पुण्याच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाला. आदल्या दिवशी तो जोड एकदा अंगावर घालून तासभर बस, चाल, जेव. कुठे टोचतंय, कुठे ओढतंय ते घरीच कळू दे. मुलाखतीत तुझं लक्ष कपड्याकडे गेलं नाही, म्हणजे कपडा जमला.